थांबलात तिथून पुढे

खराडी, पुणे
रविवार, दुपार

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

शनिवारी संध्याकाळी सुखरूप पोहोचले. शिरूरच्या पुढे पाऊस लागला, बाकी काही त्रास झाला नाही. फोनवर नुसतं "पोहोचले" म्हणाले, कारण जे बोलायचं होतं ते फोनवर नीट आलं नसतं. आई, हे पत्र तू मोठ्यानं वाच. बाबांच्या डोळ्यांना ताण नको.

बाबा, शुक्रवारी रात्री घरच्या प्रार्थनेत तुम्ही मध्येच थांबलात. "हे प्रेमळ पित्या, तुझे उपकार मानतो" एवढं झालं आणि पुढचे शब्द सापडेनात. आईनं हळूच "आमेन" म्हटलं आणि आम्ही उठलो. नंतर मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला आले, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "साठ वर्षं झाली गं प्रभूचं नाव घेतोय. होतो तिथंच आहे. आता तर मागंच चाललोय."

मी काहीच बोलले नाही. पांघरूण सारखं केलं आणि दिवा बंद केला. तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाहीये. तुम्ही कुठून निघालात आणि कुठवर आलात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेच नेमकं तुम्हाला सांगायला हवं होतं.

मी सातवीत होते तेव्हा आजोबा गेले. वर्ष उलटायच्या आत तुमचं आणि काकांचं शेतावरून बिनसलं. विहिरीकडचा तुकडा, पाण्याची पाळी, सातबाऱ्यावरचं नाव. खरं-खोटं काय होतं ते आता उकरून काढायचं नाही. पण त्या दिवसापासून काकांचं नाव आपल्या प्रार्थनेतून गेलं. आत्याचं यायचं, मामाचं यायचं, शाळेतल्या शिपायाच्या आजारी बायकोचं यायचं, काकांचं नाही. मी आणि दादा डोळे मिटून वाट बघायचो, आज येतंय का. तीन वर्षं आलं नाही. मग मी दहावीत असताना, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, तुम्ही म्हणालात, "आणि माझ्या..." आणि थांबलात. इतका वेळ थांबलात, की आत स्टोव्हवर दूध उतू गेल्याचा वास आला, तरी आई जागची उठली नाही. मग तुम्ही एकदम "आमेन" म्हणालात.

पुढच्या वर्षी कधीतरी "माझ्या भावाला" एवढं आलं. नाव यायला आणखी दोन-तीन वर्षं लागली. काकांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही गेला नाहीत, पण मनीऑर्डर केलीत, आणि पोस्टातून आल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून राहिलात. आणि अकराव्या वर्षी, माझ्या नोकरीच्या पहिल्या जानेवारीत, आम्हा सगळ्यांना एसटीत बसवून तुम्ही शेतावर हुरड्याला घेऊन गेलात. काकांनी आगटी पेटवून ठेवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली, पहिलं भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि तो हात तुमच्यापुढे धरला. तुम्ही त्यांच्या तळहातावरचे दाणे उचलून तोंडात टाकलेत. कुणी माफी मागितली नाही. जमीन होती तशीच राहिली. काकू खोबऱ्याची चटणी आणायला म्हणून आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली.

होतो तिथंच आहे, असं तुम्ही कसं म्हणता बाबा?

त्याच दिवशी काकांनी मला शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीक समजावून दिलं होतं. परतीचा पाऊस ओसरला की पेरायचं. पुढं पाणी म्हणावं असं काही नाही, काळ्या रानात मुरलेली ओल आणि थंडी, एवढ्यावर मालदांडी ज्वारी उभी राहते. आधी अंकुर, मग ती पोटरीत येते, मग निसवते म्हणजे कणीस बाहेर पडतं, फुलोरा, मग दाणा चिकात भरतो, मग हुरडा, आणि त्याच्याही पुढं दाणा टणक होतो तेव्हा कापणी. पोटरीत असताना बाहेरून काहीच दिसत नाही, कणीस आत गुंडाळलेलं असतं. नवखा माणूस म्हणेल, या ताटाला कणीसच नाही. काका पवित्र शास्त्र तुमच्याइतकं वाचत नाहीत, पण मार्काच्या चौथ्या अध्यायातला दाखला मला त्यांच्या बांधावर कळला. "पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा." हा दाखला चारही शुभवर्तमानांत फक्त मार्कानं दिलाय. त्यातला शेतकरी रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. प्रभूनं हे त्या शेतकऱ्याचं उणं म्हणून सांगितलेलं नाही.

माझंही थोडं सांगते. सोळाव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात प्रभूला स्वीकारते म्हणून मी हात वर केला, रडले, आणि घरी येऊन तुम्हाला म्हणाले की मी बदलले. तुम्ही दोघं किती आनंदला होतात! मी खोटं बोलले नव्हते. पण पुढं कॉलेजात तोच राग, तोच हेवा परत वर आला, आणि मला वाटायला लागलं की त्या रात्रीचं सगळं नुसतं रडणंच होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दर रविवारी उपासनेला जायचे, गीतं म्हणायचे आणि आतून कोरडी असायचे.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाबरोबर केडगावला मुक्ती मिशन बघायला गेले, तेव्हा ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंबद्दल नीट वाचलं. 1883 साली त्यांचा इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडायचा राहिला होता. त्यांनी स्वतःच्या साक्षीत हे मोकळेपणानं लिहून ठेवलंय. तेव्हा त्यांचं शारदा सदन मुंबईहून इथं पुण्यात आलेलं होतं, विधवा मुली शिकत होत्या, शहराचा रोष अंगावर घेऊन बाई काम करत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला त्यांच्यात काय उणं दिसलं असतं? पुढं तर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. पंधराहून जास्त वर्षं ते काम चाललं. मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली, तरी त्या मुद्रितं तपासत राहिल्या. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, पूर्ण छापलेलं पुस्तक त्यांच्या मागून आलं. केडगावहून लोकलनं परत येताना मी खिडकीशी बसून सोळाव्या वर्षीच्या त्या मुलीसाठी प्रार्थना केली. कितीतरी वर्षांनी मला ती खोटी वाटली नाही. तिच्यात तेव्हा अंकुर होता, एवढंच.

आणि आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत कितीतरी काळ त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. देवानं त्यांना घाई केली नाही.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं तर मला अलीकडे फार जवळचं वाटतं. पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी त्याच्यावर आत्मा उतरला, कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या माणसाच्या घरी तो जेवला, एवढं सगळं होऊनही पुढं अंत्युखिया शहरात काही यहुदी लोक आले म्हणून तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागं सरला, आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं. एवढ्या मोठ्या प्रेषिताला आपलं ताट कुणाबरोबर मांडायचं हे पुन्हा शिकावं लागलं. त्याच पेत्राच्या दुसऱ्या पत्राचं शेवटचं वचन काय आहे? कृपेत व ज्ञानात वाढत जा. मागं सरलेला माणूस हे लिहितोय, म्हणून मला त्या वचनाचा धीर वाटतो.

आई, तुला वाटेल सगळं पत्र बाबांनाच. तुझंही मी पाहिलंय. पस्तीस वर्षं तू वॉर्डात दुसऱ्यांचे बेडपॅन उचललेस, रात्रपाळी करून आल्यावर आमच्या भाकऱ्या थापल्यास. पण तुझं कुणी काही केलेलं तुला कधी खपलं नाही. तापानं फणफणलेली असायचीस तरी चहाचा कप आमच्या हातून काढून घ्यायचीस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात तू मला पायाला हात लावू दिला नाहीस, आठवतं? या वेळी मी परातीत कोमट पाणी घेऊन आले, तेव्हा तू काही न बोलता पाय पुढे केलेस. टाचांच्या भेगा, अंगठ्याचं ते वाकडं नख, सगळं मी सावकाश घासलं, आणि तू डोळे मिटून घेतलेस. "तू माझे पाय कधीही धुऊ नयेस" म्हणणारा पेत्रच होता ना? तुला सेवा करायला कुणी शिकवावी लागली नाही. ती घ्यायला मात्र तू या वयात, दुखऱ्या गुडघ्यानं शिकलीस. माझ्या लेखी ही तुझ्या सगळ्या रात्रपाळ्यांच्या पुढची गोष्ट आहे.

तुमच्या नातवाबद्दल एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात गणिताच्या वहीवरून मी त्याच्यावर हात उगारला. लागलं नाही, पण तो दचकून मागं सरला, ते मला सहन झालं नाही. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्याच चुका मोजत बसले असते. त्या रात्री मी त्याच्या पलंगाशी बसून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आई, झोप आता." हे बळ माझ्यात एकदम आलेलं नाही. काकांच्या तळहातावरून दाणे उचलणारे बाबा मी पाहिले नसते, तर ते आलं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

आता शुक्रवारच्या रात्रीकडे येते. बाबा, तुम्ही थांबलात म्हणून तुम्हाला वाटलं की मागं चाललो. पण मी दहावीत होते तेव्हाही तुम्ही असेच थांबला होतात. "आणि माझ्या" म्हणून. तेव्हा तुमच्या आत काय भरत होतं ते आम्हाला कळायला आठ वर्षं लागली. आता शब्द वयामुळे निसटतात, हे मला माहीत आहे. ते मी गोड करून सांगत नाही. पुढंही निसटतील. पण पौलानं रोमकरांना लिहिलंय, की आपण प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुम्हीच मला शब्बाथ शाळेसाठी हे पाठ करून घेतलं होतं, आणि 'अनिर्वाच्य' म्हणता येईना म्हणून चार वेळा म्हणायला लावलं होतं. "बाह्यदेह क्षय पावत आहे, तरी अंतरात्मा दिवसानुदिवस नवा होत आहे", हेही तुमचंच पाठ करून घेतलेलं. म्हणून तुमची प्रार्थना आईच्या "आमेन"नं बंद झालेली मला नको आहे. तिनं ते प्रेमानंच केलं, पण नको.

असं करू. दर बुधवारी रात्री साडेआठला मी फोन करीन. आई, फोन स्पीकरवर टाकून बाबांच्या उशाशी ठेव. बाबा, सुरुवात नेहमीसारखी तुम्हीच करायची. "हे प्रेमळ पित्या" म्हणा. शब्द आले तर येतील. थांबलात तर थांबा, मी वाट बघेन, कितीही वेळ. आणि पुढचं नाहीच सापडलं, तर जिथं थांबलात तिथून मी पुढे म्हणेन. सगळी नावं मला पाठ आहेत, काकांचंसुद्धा.

आई, बाबांचे डोळ्यांचे थेंब संपत आले असतील, या आठवड्यात मागवून घे. जानेवारीत आम्ही तिघं येतो, काकांना हुरड्याचं सांगून ठेवा.

तुमची,
माई