तिसरी डीव्हीडी नापास, आणि तुमची हेल्पलाइनही

सोलापूर, मे 2011

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नवीन होम कॉम्प्युटरच्या रिकव्हरी डिस्कचा संच अपुरा राहिल्याबाबत, आणि पूर्ण संच विनामूल्य मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवलाय, त्यामुळे ‘आपण कुशल असाल’ वगैरे लिहीत नाही. मॉडेल, सीरियल नंबर आणि तक्रार क्रमांक सोबतच्या कागदांवर आहेत. तुमचा माल तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहिते. फोनवरच्या मंडळींना तो ठाऊक नाही, याची माझी खात्री पटलेली आहे.

खोक्यात विंडोज 7 ची डिस्क नाही. कॅबिनेटवर अस्सल विंडोजचं स्टिकर आहे, त्यावर विंडोजची ‘की’ म्हणजे परवान्याचा क्रमांक छापलेला आहे, पैसे बिलात लागलेले आहेत, फक्त डिस्क तेवढी नाही. तिच्याऐवजी 500 जीबीच्या हार्ड डिस्कमधलाच एक तुकडा वेगळा काढून त्याला ‘रिकव्हरी’ नाव दिलंय. तो ड्राइव्ह पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेला, त्यामुळे विंडोज येता-जाता लाल पट्टी दाखवून जागा संपत आल्याचं ओरडतं. शेजारच्या काकांनी तर व्हायरस आला म्हणून जाहीरही करून टाकलं. असो. त्या तुकड्यावरून रिकव्हरी डिस्क, म्हणजे विंडोज पुन्हा टाकायच्या डीव्हीडी, ताबडतोब बनवून घ्या, अशी सूचना तुमचंच मशीन देतं. कोऱ्या डीव्हीडी आमच्या, वेळ आमचा, वीज आमची. तेही मान्य.

तुमच्या प्रोग्रॅमने तीन डीव्हीडी मागितल्या. पुसून पुन्हा लिहायची आरडब्ल्यू चालत नाही, दोन थरांची ड्युअल लेयर चालत नाही, साधी 4.7 जीबीचीच हवी. नव्या पेठेतून चांगल्या कंपनीच्या आणल्या. दिवसा भारनियमनाचा भरवसा नसतो, म्हणून रात्री यूपीएसवर बसले. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी पूर्ण लिहून झाली आणि पडताळणीत नापास. कोरी डीव्हीडी एखादी खराब निघतेच, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. साधा फुकटातला बर्निंगचा प्रोग्रॅमसुद्धा अशा वेळी ‘दुसरी घाला’ म्हणतो. तुमचा प्रोग्रॅम बंद झाला. पुन्हा उघडला तर उत्तर आलं: या कॉम्प्युटरसाठी एकच संच बनवण्याची परवानगी आहे आणि तो संच बनवून झालेला आहे.

म्हणजे तिसरी डिस्क वाचताच येत नाही, तरीही तुमच्या हिशेबी संच पूर्ण. मी टॉवेल कारखानदारांचे हिशेब लिहिते, टॅलीवर. नापास माल गठ्ठ्यात बांधून ‘डिलिव्हरी पूर्ण’ असं चलन फाडलं तर अक्कलकोट रोडवरचा कुठलाही कारखानदार मला दारात उभं करणार नाही.

आता फोनबद्दल. आधीचे फोन सोडून देते. एकाने रिकव्हरी डिस्क आणि विंडोजची सिस्टिम रिपेअर डिस्क यांत गल्लत केली आणि एका सीडीवर मावणारी ती रिपेअर डिस्क बनवायला लावून ‘झालं मॅडम’ म्हणाला. त्या डिस्कमध्ये विंडोज नसतं, नुसती दुरुस्तीची हत्यारं असतात, हे मी त्याला सांगायचं होतं की त्याने मला? पण आजचा फोन मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषण रेकॉर्ड होतं म्हणे. काढून ऐका.

मराठीचं बटण नाहीच, म्हणून हिंदीचं दाबलं. बराच वेळ सनई वाजली. मग एक गृहस्थ आले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, संच बनलेला दिसतोय. मी म्हटलं, तिसरी डिस्क खराब आहे. ते म्हणाले, काळजी करू नका, एफ-11 दाबलं की पार्टिशनवरून, म्हणजे त्या ‘रिकव्हरी’ तुकड्यावरून, विंडोज परत येतं. मी विचारलं, हार्ड डिस्कच गेली तर? म्हणाले, वॉरंटीत नवी बसवून देऊ. त्या नव्या डिस्कवर विंडोज असेल? नाही मॅडम, ते रिकव्हरी डिस्कवरून टाकावं लागेल. त्या डिस्क कोण देणार? त्या तुम्ही बनवायच्या असतात. बनवू कशा? एफ-11 दाबून बघा.

मी शांतपणे म्हटलं की तिजोरीची दुसरी किल्ली तुम्ही तिजोरीतच ठेवून दिली आहे. यावर दोन क्षण काहीच आवाज नाही. मला वाटलं, पटलं. मग प्रश्न आला: “मॅडम, घर में सर हैं क्या? उनसे बात करा दीजिए.”

आमचे ‘सर’ घरात होते. पंख्याखाली पेपर वाचत होते. त्यांना या मशीनचं बटण कुठे आहे एवढं माहीत आहे, आणि ते स्वतःच तसं सांगतात. बिल माझ्या नावावर, चेक माझ्या खात्यातला, व्हॅटची रिटर्न्स ऑनलाइन भरते मी. रिकव्हरी पार्टिशन आणि रिपेअर डिस्क यांतला फरक मी सांगत होते, आणि तुमच्या माणसाला तो कुणा पुरुषाच्या तोंडून ऐकायचा होता. मी नाही म्हटल्यावर त्यांनी सुचवलं की एकदा पूर्ण रिकव्हरी मारून बघा, कदाचित संचाची मोजणी पुन्हा शून्यावर येईल. कदाचित! त्या रिकव्हरीत माझा सगळा डेटा पुसला जाईल, हे विचारल्याशिवाय त्यांनी सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाले, बॅकअप तो आपको लेना चाहिए. बॅकअपच तर घेत होते हो मी!

संच विकत मिळेल का, हेही विचारलं. उत्तर: या मॉडेलचा स्टॉकमध्ये नाही, मशीन पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या. अडीचशे किलोमीटर, सीपीयू मांडीवर घेऊन, हुतात्मा एक्स्प्रेसने. तीन डीव्हीडींसाठी.

दुकानदाराचं उत्तर सोपं आहे. “वहिनी, कशाला डोक्याला ताप, हार्ड डिस्क गेली की आणा, विंडोज टाकून देतो.” कसलं विंडोज, ते तुम्हालाही कळतं. पैसे मोजून अस्सल घेतलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतःच चोरीच्या मालाकडे ढकलताय, आणि तुमच्या माहितीपत्रकात मात्र अस्सल सॉफ्टवेअरचे फायदे छापलेत.

हार्ड डिस्क इतक्यात कशाला जाईल, असं म्हणू नका. इथे पारा 42 च्या वर आहे, माझ्या कामाच्या खोलीत एसी नाही आणि वीज न सांगता जाते. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून बनवलेली तुमची ‘एकच संच’ची अट इथे चालत नाही. मुळात नापास डिस्कही मोजणीत धरायची, ही अट कुठेच चालू नये.

घरातला याआधीचा कॉम्प्युटरही तुमचाच होता. त्याच्यासोबत सीडी मिळाली होती, छापील, पाकिटात. म्हणून तर पुन्हा तुमच्याकडे आले. दोन कारखानदारांनाही तुमचंच मशीन सुचवलं होतं. आता त्यांना फोन करून थांबायला सांगितलंय.

मला हवंय ते इतकंच. तीनही डिस्कचा तपासलेला संच कुरिअरने, विनामूल्य, या पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत. आणि आजच्या संभाषणाबद्दल लेखी दिलगिरी, माझ्या नावाने, ‘सरांच्या’ नव्हे. तेवढ्यात काही झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 1986 खाली इथल्या जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल करेन. खरेदी सोलापुरातली आहे, त्यामुळे यायचं तुम्हाला आहे. एक लाखापर्यंतच्या दाव्याला शंभर रुपये फी आहे, वकील लागत नाही, आणि कागद नीट लावून ठेवण्याचं काम मी रोजच करते.

आपली,
एक ग्राहक (पूर्ण नाव व पत्ता बिलावर आहे)

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, ‘संच बनवून झालेला आहे’ या संदेशाची स्क्रीनवरून काढलेली प्रिंट, यांच्या झेरॉक्स. तिसरी डीव्हीडी पाठवत नाही. ती मंचापुढे लागेल.