एसटी थांबवा, पण आदल्या संध्याकाळी सांगा

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

वादळापूर्वी एसटी बंद ठेवण्यास आमचा विरोध नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ पुराच्या पाण्यात घातलेली बस वाहून गेली आणि माणसे दगावली. त्यानंतर ‘काहीही होवो, गाडी काढाच’ असे कोणी म्हणू नये. तक्रार आहे ती हा निर्णय आमच्यापर्यंत कधी पोचतो याची.

दवाखाना, तहसील किंवा आठवडे बाजारासाठी सकाळच्या गाडीने तालुक्याला आलेल्या माणसाला परतीची फेरी रद्द झाल्याचे बसस्थानकातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले वाचूनच कळते. मग तो काळीपिवळीच्या मागे लोंबकळत, एसटीला मनाई केलेली तीच फरशी, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, ओलांडून घरी जातो. महामंडळाच्या दप्तरी अपघात टळलेला असतो. शिवाय मुक्कामी गाडी गेली नाही, तर दुसऱ्या दिवशीची पहाटेची फेरीही बुडते. मंत्रालयात हे कोणाच्या ध्यानात येत असेल असे वाटत नाही.

अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ पुढे उत्तर महाराष्ट्राकडेच सरकले होते. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’पूर्वी पश्चिम रेल्वेने रद्द गाड्या आगाऊ जाहीर केल्या; तशी आगारनिहाय यादी आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतींना मिळावी आणि बंदीपूर्वी परतीची एक जादा फेरी सुटावी. रावेर-यावलच्या उभ्या केळीबागा बघता बघता आडव्या करणाऱ्या मे-जूनच्या वावधनाचा, म्हणजे अचानक सुटणाऱ्या वादळी वाऱ्याचा, नेमका इशारा मात्र जेमतेम दोन-तीन तास आधी मिळतो. त्यासाठी फेरी रद्द करू नये. गाडी स्थानकातच रोखून धरावी आणि वारा पडून रस्त्यावरची झाडे हटली की, रात्र झाली तरी, सोडावी.

फेरी रद्द झाली की आगाराचे किलोमीटर आणि उत्पन्न दोन्ही घटतात. मग आगार व्यवस्थापक शेवटच्या क्षणापर्यंत थांबला, तर त्याला एकट्याला दोष कसा द्यावा? वादळामुळे रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि फरशीवरचे पाणी पाहून गाडी थांबवणाऱ्या चालकाकडे खुलासा मागू नये, असे लेखी आदेश द्यावेत.

हे आदेश रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी चोपडा, चाळीसगाव, शिरपूर, अक्कलकुवा अशा सर्व आगारांत पोचावेत आणि त्यांची एक प्रत प्रवाशांना वाचता येईल अशी चौकशी खिडकीशेजारी लावावी, ही विनंती.

आपला,
चोपडा तालुक्यातील एक नियमित प्रवासी