हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

पुणे

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

अप्पामामाचा फोन तुलाही आला असणार. "आईला जरा समजाव, एका सहीपायी सगळ्यांचं अडलंय," असं म्हणाला असेल. तुला वाटेल, आई माहेरच्या वाड्यातल्या हिश्श्यासाठी अडून बसली. म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले तर मध्ये तू काहीतरी विचारशील आणि माझा धागा तुटेल. एका दमात लिहून काढते.

हिश्श्याचं म्हणशील तर माझा मी मनानं कधीच सोडलाय. शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. आपला वाडा त्या रेषेबाहेर, पण तीनशे मीटरच्या आत, म्हणून परवानग्यांमध्ये वर्षानुवर्षं गेली. आता कुठे सगळं जुळून आलंय, भावांचीही वयं झाली आहेत, मला त्यांचं वाईट करायचं नाही. हक्कसोडपत्रावर मी लगेच सही केली असती. पण त्याला जोडून वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आहे आणि त्यात माझ्या थोरल्या काकूबद्दल एक ओळ आहे: निपुत्रिक, मयत दिनांक १२ जुलै १९६१, पानशेतच्या पुरात.

थोरली काकू पुरात गेली नाही, मनू.

तो बुधवार होता. मी आठ वर्षांची. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि नारायण, शनिवार पेठेत पाणी शिरलं. आमच्या चौकात आधी गढूळ पाण्याची जीभ आली, मग ओसरी बुडाली, मग दिंडी दरवाजाचा अडसर दिसेनासा झाला. सगळे माडीवर गेलो. काकूनं मला पाठुंगळी मारून भिंतीतल्या जिन्यानं वर नेलं. त्या अरुंद अंधाऱ्या जिन्यात तिचा श्वास माझ्या कानाशी होता. रात्री पाणी ओसरलं, दिवे नव्हते, खालून चिखलाचा आणि भिजलेल्या धान्याचा वास येत होता. अंधारात बसून तिनं माझे केस विंचरून घट्ट वेणी घातली. म्हणजे पाणी उतरलं तेव्हा ती जिवंत होती, आमच्यात होती. ही गोष्ट तू नीट लक्षात ठेव.

दुसऱ्या दिवशी आम्हा मुलांना सदाशिव पेठेत आत्याकडे पाठवलं. परत आणलं तेव्हा काकू नव्हती. दिंडीपाशी सामान आवरायला गेली आणि वाहून गेली, असं सांगितलं. देह मिळाला नाही म्हणून पालाशविधी करून तेरावंसुद्धा उरकलं होतं. मी म्हटलं, असं कसं, रात्री तिनं माझी वेणी घातली. आजी म्हणाली, "तुला ताप भरला होता, वातात बडबडत होतीस." भाऊ, म्हणजे तुझे आजोबा, त्यांनी मला मांडीवर घेऊन तेच सांगितलं. आईकडे पाहिलं तर ती चुलीकडे तोंड करून बसली होती. घरातली सगळी मोठी माणसं एकच सांगायला लागली की आठ वर्षांचं पोर किती दिवस तग धरणार? मला खरंच ताप आल्याचं आठवायला लागलं. कपाळावरची ओली घडीसुद्धा आठवायला लागली. कधी नव्हतीच ती.

कॅलेंडरच्या मागच्या पानावर मी कोण आलं, काय बोललं, किती वाजता गेलं ते लिहून ठेवते, त्यावरून तुम्ही दोघं बहीण-भाऊ मला चिडवायचात. गॅस बंद केल्याचीसुद्धा नोंद असते. ती सवय इथून आली.

पुराच्या आधीचं वर्षही सांगायला हवं. काकू हिंगण्याला, कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, रोज वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी. थोरले काका १९५३ साली दम्यानं गेले, तरी कोठीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. मग त्या हरवायला लागल्या. कधी तांदळाच्या डब्यात सापडत, कधी देवघरात ताम्हनाखाली. आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. "हल्ली तिचं चित्त थाऱ्यावर नसतं," असं आजी आल्यागेल्याला सांगायची. तांदळात हात घालून जुडगा खुपसताना मी आजीला पाहिलं होतं. तसं बोलले, तर आजीनं मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

आणि रात्रीचा तो खोकला. थोरल्या काकांचा खोकला पेठभर ओळखीचा, आधी एक लांब घरघर आणि मग तीन ठसके. काका जाऊन सात वर्षं झाल्यावर तो जिन्यातून ऐकू यायला लागला. काकू सकाळी पांढरीफटक होऊन विचारायची, "तुम्ही कोणी ऐकलंत का?" सगळे एकमेकांकडे बघायचे. कोणीच ऐकलेलं नसायचं. मी ऐकला होता. एका रात्री लघवीला उठले तेव्हा धाकट्या काकांना पायजमा सावरत जिन्यातून बाहेर येताना पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हसले. आज बाहत्तरीतसुद्धा ते हसू डोळ्यांपुढे आलं की माझे हात गार पडतात.

आता ट्रंकेचं. वाडा रिकामा करताना माळ्यावरची भाऊंची ट्रंक कोणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. तळाशी पंचे होते, त्यांत गुंडाळलेले कागद.

पहिला कागद, काकूच्या वकिलाची भाऊंना नोटीस, मे १९६१. विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळण्याचा कायदा १९३७ सालीच झाला होता, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या वारसा कायद्यानं ती त्या हिश्श्याची पूर्ण मालकीण झाली. काकूनं वाड्याची वाटणी मागितली होती, एक तृतीयांश. आणि त्याच वर्षीच्या दत्तक कायद्यानं विधवेला स्वतःच्या हक्कानं मूल दत्तक घेता येऊ लागलं होतं, मुलगीसुद्धा. तोपर्यंत दत्तक घ्यायचा तो मुलगाच. नोटिशीत लिहिलंय की आपली धाकटी मुलगी दत्तक घेण्याची आमच्या अशिलाची इच्छा असून मुलीच्या आईची त्यास संमती आहे. ती मुलगी मी. आईची संमती होती, मनू. आम्ही तिघी बहिणी, त्यातली एक काकूच्या पदरात घालून तिला शिकवावं, तिच्या नावावर घराचा तुकडा असावा, असं त्या दोघी जावांनी ठरवलं होतं.

दुसरा कागद, न्यायालयात केलेल्या अर्जाची कार्बन प्रत, ऑगस्ट १९६१. भावजयीला मनोरुग्णालयात ठेवण्याचा आदेश मिळावा म्हणून दिराचा अर्ज. १९१२ च्या कायद्याखाली असा आदेश मॅजिस्ट्रेट देत, दोन डॉक्टरांचे दाखले जोडून. लक्षणांच्या यादीत लिहिलंय: किल्ल्या स्वतः लपवते व इतरांवर आळ घेते, मयत पतीचा खोकला ऐकू येतो असे सांगते. कायद्याची आणखी एक अट होती, अर्जदारानं त्या व्यक्तीला गेल्या चौदा दिवसांत स्वतः पाहिलेलं असावं. भाऊंनी तसं शपथेवर लिहून सही केली आहे. पेठेला तेराव्याचं जेवण घातल्यानंतर.

मधले दिवस काकू कुठे होती, ते मी गेल्या महिन्यात पाहिलं. बाळंतिणीची खोली तुला आठवत असेल, खिडकी नसलेली, लहानपणी तू जिच्यात पाऊल टाकायची नाहीस. पुरानंतर भिंत खचली, साप निघतो असं सांगून तिला कुलूप होतं. दाराची आतली कडी काढून भोकं लाखेनं बुजवलेली आहेत आणि बाहेर एकाऐवजी दोन कड्या. भिंतीतल्या फडताळाची फळी मजुरानं उचकटली, तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीचं बारीक अक्षर. आषाढ शुद्धातल्या तिथी ओळीनं, आणि पुढे त्या त्या दिवशी घडलेलं. एका ठिकाणी आहे: "आषाढी एकादशी. साबुदाणा दिला. किल्ल्या मी लपवल्या नाहीत. मी कुठे आहे हे मला माहीत आहे." मी ती फळी घरी घेऊन आलेय.

पुण्यात आपण सहज कोणालाही येरवड्याच्या मनोरुग्णालयात धाडण्याच्या गोष्टी करतो. काकूला तिथेही ठेवलं नाही, कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं. दूरच्या एका शहरात नेलं. त्या गावाचं नाव मी पत्रात लिहीत नाही, आलीस की सांगेन. तिथं दरमहा भाऊंची मनीऑर्डर जायची. पावत्या सुतळीत बांधलेल्या आहेत, १९६१ पासून १९७४ पर्यंत, एकही महिना चुकलेला नाही. काही पोचपावत्यांवर काकूची सही आहे. तिनं आमचं आडनाव टाकून माहेरचं लावलंय. शेवटी एक पोस्टकार्ड, रुग्ण मयत झाल्याचं.

त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरी पितृपंधरवड्यात काकूच्या नावानं तिळाचं पाणी सोडलं जात होतं. भाऊ सकाळी जिवंत भावजयीला पिंड द्यायचे आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला पोस्टात जायचे. आई त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून उठून जायची. मी बरीच वर्षं आईवर मनातून रागावलेली होते, की हिला एवढी जीव लावणारी जाऊ गेली आणि ही एकदाही तिचं नाव काढत नाही. तो राग ट्रंकेतल्या शेवटच्या कागदानं संपवला. तसल्याच अर्जाचा एक कोरा मसुदा, सही नाही, तारीख नाही. नावाच्या जागी पेन्सिलनं माझ्या आईचं नाव.

तो तिला दाखवला गेला असणार. याहून वेगळं उत्तर मला सापडत नाही.

भाऊंचं काय करू, ते मला कळत नाही. मला सारसबागेत नेणारे, परीक्षेच्या दिवशी हातावर दही घालणारे, तुझ्या बारशाला बाजारातून स्वतः निवडून जरीचं कुंची-टोपरं आणणारे तेच, आणि शपथेवर ते लिहिणारेही तेच. मनीऑर्डर पाठवताना त्यांना काय वाटत असेल याचा विचार करत मी रात्री जागते. पश्चात्ताप होता, का नुसता बंदोबस्त? पैसे वेळेवर गेले की तिकडून चौकशी येत नाही, हेही तितकंच खरं आहे. तू तुझ्या आठवणीतले आजोबा फेकून द्यावेस असं मी सांगत नाही. दोन्ही माणसं एकाच कातडीत राहत होती, एवढं मात्र आता तुला माहीत असायला हवं.

अप्पामामाला मी कागद दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "आक्का, तुझं वय झालं. तुला काहीतरी वेगळंच वाचल्यासारखं वाटतंय. एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ." अगदी प्रेमानं बोलला. त्याच्या तोंडून आजीचा आवाज आला आणि मी तिथून उठले. कदाचित त्याला खरंच काही माहीत नसेल, पण ती बोलण्याची रीत त्याला कोणी शिकवावी लागली नाही. म्हणून सांगते, तुला कोणी माझ्या विसरण्याबद्दल काही सांगितलं तर आधी मला विचार. मी स्वतःहून माझी स्मृतीची तपासणी करून घेतली आहे, अहवाल ट्रंकेतच ठेवलाय.

पैशाचा हिशेब यात कुठेच नाही. दत्तक झालंच नाही, मृत्युपत्रही नाही, तेव्हा काकूचा हिस्सा कायद्यानं फिरून नवऱ्याच्याच वारसांकडे येतो. १९६१ लिहिलं काय आणि १९७४ लिहिलं काय, कोणाच्या वाट्यात फारसा फरक पडणार नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. अप्पामामाही तेच म्हणतो, मग सही करायला काय हरकत? माझी हरकत एवढीच की काकूला जिवंतपणी मारणारा तो कागद माझ्या सहीनं पुन्हा खरा ठरेल. ती तेरा वर्षं जगली. त्या वर्षांत ती उठली, जेवली, सही करून पैसे घेत राहिली.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, माझ्यामागे वारस म्हणून हाच कागद तुझ्यापुढे आणि तुझ्या भावापुढे येईल. दुरुस्ती झाल्याशिवाय दोघांनीही त्यावर सही करायची नाही. त्याला मी वेगळं लिहिते आहे. दुसरं, दिवाळीआधी चार दिवसांची रजा काढ. आपण त्या गावाला जाऊ. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं रुग्णालयातल्या मृत्यूची खबर देणं तिथल्या प्रमुखावर बंधनकारक होतं, तेव्हा पालिकेच्या १९७४ च्या नोंदवहीत काकू असायला हवी. कोणत्या नावानं आहे ते पाहू, आमच्या का माहेरच्या. दाखला मिळाला की वंशावळीत खरी तारीख घालायला लावेन आणि त्याच दिवशी हक्कसोडपत्रावरही सही करून देईन, अप्पामामाला तसं लेखी कळवलंय. ट्रंकेतल्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स याच पाकिटात आहेत. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, तिथं तुझंही नाव लावलंय. पाकीट मिळाल्यावर कागद मोजून घे आणि मला फोन कर.

तुझी,
आई