रंगच तर बदललाय, असं मी म्हणाले होते

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. आदळला असतास तर मला राग तरी आला असता. तू "बरं, झोप आता" म्हणालीस आणि ठेवलास, अगदी बाबांसारखा. कंपनीनं आपला फुटबॉल क्लब घेतला आणि टीमचा पिवळा-काळा रंग बदलला, त्यावर मी जे बोलले तेच तेव्हापासून माझ्या कानात वाजतंय. रंगच तर बदललाय, मैदान तेच आहे, खेळणारी पोरं तीच आहेत, मग एवढं काय?

ते बोलणं मी मागे घेते. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

शनिवारी तुम्ही सगळे निषेधाला गेटसमोर उभे राहणार हे दादाकडून कळलं. बॅनरचं एक टोक तुझ्या हातात असणार, हेही त्यानंच सांगितलं. पुढच्या रांगेत उभी राहू नकोस, मनू. हे वाक्य या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. आता लिहिलंय तर राहू दे, खोडत नाही.

काल कपाटातून बाबांचा मफलर काढला. तू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात मी विणलेला. चार बोटं पिवळा, चार बोटं काळा, असे बावीस पट्टे. आमच्या टीमचा पिवळा लख्ख नव्हता आणि केशरीकडे झुकणाराही नव्हता, मधलाच कुठला तरी होता. तो मिळेपर्यंत बाबांनी मला तीन दुकानं फिरवली. प्रत्येक ठिकाणी जुन्या तिकिटाचा तुकडा लोकरीच्या गुंड्याला लावून बघायचे, मान हलवायचे आणि खिशात ठेवून द्यायचे. मी वैतागून म्हणाले होते, अहो, पिवळा तो पिवळा. म्हणजे बघ, रविवारी मी काही नवीन बोलले नव्हते.

तू फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. रात्रभर वाचत बसले. तू मला इतक्या महिन्यांत जे समजावत होतीस ते मी कधी धड ऐकूनच घेतलं नव्हतं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचं वाचलं. १९३३ सालचा क्लब, जांभळा-पांढरा. १९९४ मध्ये युएफा कप या युरोपातल्या स्पर्धेच्या फायनलपर्यंत गेलेला. २००५ मध्ये रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीनं घेतला आणि नाव गेलं, रंग गेला. हा नवा क्लब आहे, याला मागचा इतिहास नाही, असंच सांगितलं गेलं. लोकांनी महिनोन् महिने विनवण्या केल्या, तेव्हा जांभळा रंग कुठे ठेवायचा, तर गोलकीपरच्या मोज्यांवर, इथवर बोलणी आली. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. मोज्यांवर! रागानं नाही गं, मला रडू आलं. कारण मी तुला तेच म्हणाले होते की, कडेला एखादी पिवळी पट्टी ठेवलीच आहे ना त्यांनी.

आणि तिथल्या नव्या लाल टीमनं पुढे लागोपाठ दहा वर्षं लीग जिंकली. ज्यांना जिंकणं हवं होतं त्यांना ते मिळालं. आज तिथली लहान मुलं लाल जर्सीच घालत असणार आणि त्यांचं प्रेमही खरंच असणार. त्या मुलांवर तू कधी तोंड टाकू नकोस हं. आपल्याकडेही उद्या तेच होईल. नव्या रंगात एखादं सात वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर बसून येईल, आणि त्याचा त्यात काय दोष?

खांद्यावरून आठवलं. खरं म्हणजे काल मफलर हातात घेतल्यापासून तेच आठवतंय. तू सात वर्षांची होतीस. मॅच संपली, लोंढा जिन्यावरून खाली आला आणि बाबांच्या हातातून तुझं बोट सुटलं. मी खाली कठड्याला धरून उभी होते. बाबा एकटे येताना दिसले. त्यांचा चेहरा मी आजवर कुणाला वर्णन करून सांगितलेला नाही. त्यानंतरची दहा-अकरा मिनिटं मी काय केलं, कुणाला काय विचारलं, काही आठवत नाही. आठवतात ते फक्त पाय. पायच पाय, आणि त्यात तू नाहीस. मग जिन्याच्या वरच्या टोकाला एक दांडगा माणूस दिसला, गळ्यात तेच पिवळं-काळं, आणि त्याच्या खांद्यावर तू. तुझ्या गळ्याभोवती बाबांच्या मफलरचे तीन वेढे. तो काहीतरी ओरडला, ते खालच्यानं उचललं, त्याच्या खालच्यानं पुढे दिलं, आणि तो सगळा लोंढा दोन्ही बाजूंना सरकला. मधे वाट झाली. त्या वाटेतून तो तुला घेऊन आला, माझ्या हातात दिलं आणि नाव न सांगता निघून गेला.

तुला त्या दिवसातलं वरून दिसलेलं मैदान आठवतं, तू किती वेळा सांगितलंस. मला खालचे पाय आठवतात. तुझी-माझी भांडणं त्या एका दिवसापासूनची आहेत, असं मला काल वाटलं. गर्दीनं तुला माझ्या हातात आणून दिलं, हे मी विसरते. गर्दीनंच तुला आधी गिळलं होतं, हे तू विसरतेस. म्हणून म्हणते, पुढे नको. मधे राहा, कडेला राहा, बॅनर कडेनंही धरता येतो.

वेल्समधल्या कार्डिफचं तुला माहीत असेलच, पण त्यातली एक गोष्ट मी तुला सांगणार आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ निळं घालणारी टीम मालकानं २०१२ मध्ये लाल केली. पुढच्याच वर्षी ती टीम अर्ध्या शतकानंतर सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, म्हणजे लाल रंगात यश नव्हतं असं कुणाला म्हणता येईना. लोकांत फूट पडली. पैसा येतोय तर रंगाचं काय घेऊन बसलात, असं म्हणणारेही चाहतेच होते. तरी निळे मफलर घालून येणारे येतच राहिले. जानेवारी २०१५ मध्ये मालकानं निळा रंग परत दिला. तेव्हा त्यानं सांगितलं की, आपल्या आईनं एकोप्याबद्दल समजावलं, त्याचाही या निर्णयात वाटा आहे. ते मी तीनदा वाचलं. एवढ्या मोठ्या माणसाला त्याच्या आईनं समजावलं, आणि मी माझ्या मुलीला उलटं समजावत बसले होते.

कोलकात्याच्या मोहन बागानचं तर आपल्याच देशातलं. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये जवळजवळ सगळ्यांनी अनवाणी खेळून इंग्रजांच्या पलटणीला हरवलेला. २०२० मध्ये त्याच्या नावापुढे दुसऱ्या क्लबचं नाव लागलं. लोक तीन वर्षं ते नाव काढा, काढा म्हणत राहिले, आणि २०२३ मध्ये काढलं गेलं. त्या जागी नवं बिरूद आलंच, पण निदान दुसऱ्या क्लबचं नाव तरी गेलं. लंडनचा विम्बल्डन क्लबही १८८९ चाच, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? एकाच साली जन्मलेले दोन क्लब, आणि दोघांच्या नशिबी हे आलं. विम्बल्डनचं तर रंग-नावावर भागलं नाही, अख्खी टीमच उचलून नव्वद किलोमीटरवर नेली. २००२ च्या मे महिन्यात तीन जणांच्या समितीनं दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली, आणि चाहत्यांनी नवा क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही लिहिलं. लोकांनी काही आठवड्यांत क्लब काढला. मोकळ्या माळावर निवड चाचणी ठेवली तर दोनशेहून जास्त पोरं आली. पहिला मैत्रीचा सामना चार गोलांनी हरले, पण बघायला साडेचार हजारांवर माणसं होती. नवव्या पायरीवरून सुरुवात करून २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचले. २०२० च्या नोव्हेंबरात ते आपल्या जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर नव्या मैदानात परतले. ती जागा १९९१ मध्येच सुटली होती, म्हणजे एकोणतीस वर्षांनी परत आले, आणि साथीमुळे स्टँड रिकामे. मला सारखं वाटतंय, त्या एकोणतीस वर्षांत किती जणांचे बाबा गेले असतील.

बाबा असते तर तुझ्या शेजारी उभे राहिले असते. पुढच्या रांगेत. म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

आता काही व्यवहाराचं. तुम्ही नवा क्लब काढायच्या गोष्टी करताय. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, तेवढं मला कळतं. साल्झबर्गच्या जांभळ्या लोकांनीही २००५ मध्येच आपला क्लब पुन्हा उभा केला. अगदी तळाच्या लीगपासून लागोपाठ चार वर्षं वर चढले, २०१५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पोचले आणि त्याच मोसमात दिवाळखोरीत गेले. प्रेम कमी पडलं नाही त्यांचं, पैसे कमी पडले. तेव्हा वर्गणीची पावती पहिल्या दिवसापासून फाड. खात्यावर दोन सह्या ठेव, एक तुझी असली तर दुसरी मैत्रिणीची नको. कंपनीशी बोलणी झालीच तर तोंडी काही घेऊ नका. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची, त्यांच्याकडच्या फुटबॉलची टीम १९९६ मध्ये मालकानं दुसऱ्या शहरात नेली, पण नाव, रंग आणि जुने विक्रम क्लीव्हलँडलाच राहतील असं शहरानं करारात लिहून घेतलं होतं. तीन वर्षं क्लीव्हलँडला टीमच नव्हती, १९९९ मध्ये नवी आली ती त्याच नावानं, त्याच रंगात. लिहून घेतलं म्हणून. आणि जर्मनीतल्या लोकांसारखं काहीतरी शोधा. तिथे क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत असा नियमच आहे. तरी २०२४ च्या सुरुवातीला लीगच्या पैशात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं घाटत होतं, तेव्हा लोकांनी मैदानात टेनिसचे चेंडू टाकून सामने थांबवले आणि फेब्रुवारीत तो बेत रद्द झाला. चेंडू! दगड नाहीत. नोकरीवर पाणी सोडू नकोस, बिनपगारी रजा किती झाल्या ते मला माहीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मीटिंगा, तुझं जेवण काय, झोप काय, आणि मीटिंगहून परतताना सोबत कोण असतं? तू उत्तर देत नाहीस. तू कधीच...

थांबते. सुरुवात हिशेबानं केली आणि पोचले कुठे. चुकलं माझं. तू तीस वर्षांची आहेस आणि मी तुझ्याशी त्या जिन्याखाली उभी राहून बोलतेय.

दादानं मला तुझा व्हिडिओ पाठवला होता, गेल्या महिन्यातल्या सभेचा. तुला ते सांगितलं नाही. तू बोलताना सुरुवातीला कागद बघत होतीस, मग कागद खाली गेला. "बॅजवरचं साल खोडलं म्हणून आमचे आजी-आजोबा खोडले जात नाहीत," म्हणालीस तिथे तुझा आवाज बाबांसारखा चढला आणि मागे कुणीतरी रडत होतं. तो मी किती जणांना दाखवला ते विचारू नकोस. मावशी म्हणाली, अगदी तुझ्यासारखी बोलते. माझ्यासारखी कुठली, मी चारचौघांत कधी तोंड उघडलं नाही. क्लब विकला जाणार अशी पहिली कुणकुण लागली, तेव्हा बाबांनी निवेदन लिहिलं होतं आणि सह्यांसाठी घरोघर फिरत होते. मी सही केली नाही. कंपनीच्या माणसांशी वैर कशाला, म्हणाले. बाबा काहीच बोलले नाहीत. तो कागद त्यांच्या फायलीत अजून आहे. माझ्या नावासमोरची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. काल मी तिथे सही केली. तारीख कालचीच घातली, मागची घालून खोटं कशाला करायचं. कागद दादाबरोबर पाठवते. तुमच्या काही उपयोगाचा नसेल, पण तुझ्याजवळ असू दे.

मफलरला एका टोकाला कसर लागली होती, रुपयाएवढं भोक. तो पिवळा आता मिळत नाही. दादानं दोन ठिकाणी बघितलं. एक जवळचा मिळाला, पण उजेडात धरला की वेगळा दिसत होता. म्हणून दुसऱ्या टोकाचा शेवटचा पिवळा पट्टा उसवला आणि त्याच लोकरीनं भोक भरलं. लोकर इतक्या वर्षांनी वळ्या धरून बसली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवली तेव्हा सरळ झाली. टाके जरा घट्ट आलेत. बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत. मफलर चार बोटं आखूड झालाय, आता एकवीसच पट्टे. तुला तीन वेढे बसणार नाहीत, पण आता तुला दोन पुरे.

शनिवारी तो घाल. दादा बरोबर येणार आहे, त्याला नको म्हणू नकोस, मी त्याला पाठवत नाहीये, तो आपण होऊन निघालाय. घरी पोचलीस की फोन कर, कितीही वाजले तरी कर. मी जागीच असेन. आणि पुढच्या रांगेत उभी राहिलीस तर तेही सांग, लपवू नकोस.

तुझी
आई