कोल्डप्ले नेरूळला, आमची मुलं गच्चीवर

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम केले. आमच्या सोसायटीतल्या मुलांचा बँड मात्र गच्चीवर वाजतो, तोही वॉचमन वर येईपर्यंत. त्यांचा कीबोर्डवाला बारावीत आहे आणि (आईबापांच्या दुर्दैवाने) फार छान वाजवतो. एका सभागृहात चौकशी केली, तर ‘ऑर्केस्ट्रा आहे का?’ असं विचारलं आणि भाडं ऐकून मुलं परत आली.

अशा वेळी लंडनचे जूल्स हॉलंड आठवतात. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्क्वीझ’ या रॉक बँडचे ते पूर्वीचे कीबोर्डवादक. १९९२ पासून ते बीबीसीवर ‘लेटर’ हा संगीताचा कार्यक्रम सादर करतात. एकाच स्टुडिओत गोलाकार मांडणी, नामवंतांच्या शेजारी नवखे आणि सगळं थेट वाजवायचं. २००४ मध्ये ऐनवेळी एक रॅपर येऊ शकला नाही, म्हणून के. टी. टन्स्टॉल या नवख्या गायिकेला बोलावलं आणि तिचं नाव झालं. २००७ मध्ये अ‍ॅडेल तिथे गायली, तेव्हा तिचा एकही अल्बम आलेला नव्हता.

वाशीच्या भावे नाट्यगृहात नाटकं व्हावीतच. पण तिथल्याच मिनी सीशोअर या मोकळ्या जागेवर महिन्यातला एक शनिवार, दोन स्पीकर आणि विजेची सोय एवढं महापालिकेने नव्या वादकांना द्यावं. रात्री दहाची मर्यादा मुलं पाळतील. वॉचमनने सवय लावलीच आहे.

– एक वाचक, सीवूड्स, नवी मुंबई