‘रोहित आलेले नाहीत’ एवढे तरी सांगा

संपादक महाशय,

दिवाळी आटोपली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भिगवणच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. पहाटे स्वारगेटहून गाडी, वाटेत नाश्ता, होडीतून पक्षी, दुपारी मासळीचे जेवण आणि दिवेलागणीला घरी. वर रोहित पक्ष्यांच्या गुलाबी थव्याचा फोटो आणि त्याखाली ‘फ्लेमिंगो १०० टक्के’. नोव्हेंबरअखेरीस आम्ही अशाच एका सहलीला गेलो. पैसे भरण्याआधी फोन करून मुद्दाम विचारले होते, रोहित आलेत का? ‘हो सर, भरपूर!’ असे उत्तर मिळाले. कुंभारगावच्या काठावर होडीत पाय ठेवण्याआधीच नावाडी म्हणाला, ‘‘पाणी अजून उतरलं न्हाई साहेब. रोहित दिसायचे न्हाईत. बाकीची पाखरं दावतो.’’

रोहित काही लहरीने येत-जात नाही. चोच उलटी धरून तो उथळ पाण्यातला गाळ चाळतो आणि त्यातले बारीक जीव खातो. १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण ११७ टीएमसीचे आहे. पाऊस चांगला झाला की दिवाळीनंतरही ते काठोकाठ असते आणि भिगवणपर्यंत मागे पसरलेला त्याचा फुगवटा माणूस बुडेल इतका खोल. तिथे त्याने करायचे काय? कालव्यांना पाणी सुटते, पातळी उतरते, गाळाची पट्टी उघडी पडते, मग थवे दिसू लागतात. भरपूर पावसाच्या वर्षी संक्रांत उलटल्यावर जावे, हे कुठलाही पक्षीनिरीक्षक सांगेल. उजनी किती टक्के, हे तर आपल्या वर्तमानपत्रांत नेमाने छापून येते. आयोजकाला अभ्यास म्हणून एवढेच वाचायचे होते.

तक्रार केली तेव्हा उत्तर तत्काळ आले, आणि अगदी गोड भाषेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, निसर्गावर आमचा ताबा नाही, पुढच्या सहलीत सवलत देऊ. सोबत पाच तारे देण्यासाठी लिंक! निसर्गावर ताबा नाही हे जाहिरातीत लिहायचे असते, पैसे जमा झाल्यावर नव्हे.

पैसे गेल्याचे मला फारसे वाटत नाही. शहरात बसून दिलेली ही हमी पाण्यावर नावाड्याला निभवावी लागते, तिथे खरी गोम आहे. त्या दिवशी पट्टकादंबांचा एक थवा बेटावर विसावला होता. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा तो. आमच्या नावाड्याने लांबच इंजिन बंद केले आणि वल्ह्यावर होडी धरली. लगेच मागून आवाज आला, ‘‘काका, जवळ घ्या ना, जरा उडू द्या की, पैसे दिलेत!’’ काका हलले नाहीत. शेजारच्या होडीने मात्र इंजिनासह थेट बेट गाठले. थवा उठला, मोबाइल वर झाले, कुरव (सीगल) पक्ष्यांपुढे फरसाणाची पिशवी रिकामी झाली. काठावर उतरताना त्या होडीवाल्याच्या हातावर बक्षिशी पडली. आमच्या होडीतले दोघे ‘आपला माणूस काही कामाचा नाही’ असे म्हणत उतरले. पाच तारे कोणाला मिळाले असतील, हे सांगायला नको.

वाघांच्या बाबतीत हेच अधिक भीषण रूपात दिसले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांच्या मध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. ते योग्यच झाले. पण अशा वेळी दंडुका साखळीतल्या शेवटच्या माणसावर पडतो; शहरात बसून ‘हमखास व्याघ्रदर्शन’ विकणारे नामानिराळे राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत हाकारा घालणे आणि आमिष दाखवणेही धरले आहे. होडीने थवा उठवणे त्यात बसते का, हे वकील मंडळी सांगतील.

सुरक्षेचे तर विचारूच नका. सहलीच्या पत्रकात मिसळ की पोहे याचा पर्याय होता, लाइफ जॅकेटचा उल्लेख नव्हता. मुलांच्या मापाची जॅकेट नव्हतीच. मोठ्यांचे घातले तर सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कानापर्यंत येत होते. याच उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरची प्रवासी बोट वादळात उलटून सहा जणांचा जीव गेला. इतक्या लवकर विसरलो?

चांगली सेवा कशी असते, हेही पुण्यातच पाहिले आहे. भाच्याला गळाने मासे धरायचा नाद लागला म्हणून पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो होतो. मालकांनी वर न बघता विचारले, ‘‘कुठे बसणार?’’ मुळशी म्हटल्यावर, ‘‘आधी परवानगीचं बघा, धरणात मासेमारीचा ठेका दिलेला असतो. आणि हा रॉड तुम्हाला नको, दोन महिन्यांत माळ्यावर जाईल. साधा घ्या. खडस (महसीर मासा) लागला तर सोडून द्यायचा.’’ स्वस्तातला माल देऊन मोकळे झाले. पुणेरी दुकानदाराच्या फटकळपणावर जग हसते, पण या धंद्यात तो गुणच आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी, दोन्हींची दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. पण एका रविवारच्या सहलीसाठी कोण खेटे घालणार, हे आयोजक पुरते जाणून आहेत. म्हणून माझी मागणी साधी आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आयोजकाने गावातल्या नावाड्याला फोन करावा, तो पाण्याबद्दल आणि पक्ष्यांबद्दल काय म्हणाला ते ग्रुपवर जसेच्या तसे टाकावे आणि ते वाचून ज्याला यायचे नसेल त्याचे पूर्ण पैसे परत करावेत.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे