लाइटबिल मीच भरीन

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
दि. १५ फेब्रुवारी २०२६

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडलास आणि मी गप्प बसले. बाबा शेजारी जागेच होते. त्यांच्यासमोर पैशाचं बोलायचं नाही असं मी ठरवलंय. "संस्था स्वतःहून लाइटबिल भराले तयार आहे, तर तू नाही काहून म्हटलं?" एवढंच तुझं म्हणणं. पण उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून ही वही काढली.

संक्रांतीच्या आधी संस्थेच्या ताई घरी आल्या. बाबांना लकवा मारल्यावर वर्षभरासाठी महिना दोन हजार मंजूर झाले, ते तुला माहीतच आहे. ते कसे घ्यायचे हे मी सांगायचं होतं. त्यांनी परस्पर लाइटबिल भरावं, गॅस एजन्सीत सिलिंडरचे पैसे जमा करावेत, की माझ्या खात्यात टाकावेत आणि मी पावत्या दाखवाव्यात. मी खातं म्हटलं. ताईंना वाटलं मला नीट कळलं नाही, त्यांनी पुन्हा समजावलं. मीही पुन्हा खातंच म्हटलं.

दिवाळीच्या महिन्यात त्यांनी एकदा परस्पर भरलं होतं, ते तुला सांगितलं नव्हतं. ग्राहक क्रमांक बारा आकडी. त्यांच्या मुलानं मोबाइलवर एक आकडा चुकीचा दाबला. भरताना नाव दिसतं ना, तसं दिसलंही, भलत्याच माणसाचं. पण आपल्या बिलावर अजून वारलेल्या आबाजींचं नाव आहे, माझं नाही न् बाबांचंही नाही. त्याला वाटलं, यांच्याकडे नाव वेगळंच असते, असंल हेच. कोणाच्या तरी घरी फुकटात दिवाळी झाली! आपल्या पुढच्या बिलात थकबाकी न् वर व्याज. मुलगा बिचारा माफी मागून गेला, मी काही बोलले नाही. पण एक कळलं. बिल दुसऱ्यानं भरलं तरी अंधार आपल्याच घरात होतो. मीटर आबाजींच्या नावावरून काढायचं काम तुझ्याकडे किती वर्षांचं आहे, ते आता मोजत नाही.

खरी गोष्ट मात्र गॅसची आहे.

लाइटबिल थांबतं. बचत गटाच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय लाइन कापता येत नाही. बिलाच्या रकमेवर वाद असेल तर हरकत नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी भरली तरी लाइन राहते. म्हणजे हातात थोडा वेळ मिळतो. सिलिंडर काय नोटीस देतो? तव्यावर भाकर अर्धी कच्ची असते न् शेगडी फुरफुरून विझते. गाडीवाला उधारी ठेवत नाही, आणि तो कशाला ठेवेल?

तू म्हणशील, आपलं उज्ज्वलाचं कनेक्शन आहे, सिलिंडरमागे तीनशे रुपये परत येतात. येतात रे, पण मागून येतात. आधी पूर्ण पैसे मोजायचे, मग सबसिडी खात्यात. २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेचे तीन सिलिंडर फुकट जाहीर झाले, तेव्हाही तसंच. आधी भरा, मग खात्यात बघा. फुकटाची वस्तू घ्यायलाही बाईच्या हातात आठ-नऊशे रुपये लागतात. ते ज्या महिन्यात नसतात त्या महिन्यात सिलिंडर कोपऱ्यात रिकामा न् मी चुलीपाशी. तुराट्या चांगल्या जळतात, पऱ्हाटीचा मात्र धूर फार होतो. पाऊस लागला की दोन्ही ओल्या. बाबांना आता खोकला सोसत नाही, आणि त्यांची खाट स्वयंपाकघराला लागूनच आहे.

म्हणून संस्थेचे पैसे माझ्या खात्यात हवेत. त्यातले हजार मी सिलिंडरसाठी बाजूला ठेवते, त्याला हात लावत नाही. सबसिडी आली की तीही त्यातच जाते. ताईंनी परस्पर लाइटबिल भरलं असतं तर हे जमलं नसतं.

राहिला लाइटचा प्रश्न. हिवाळ्यात आपलं मीटर महिन्याला साठ युनिटच्या आत असतं. पण एप्रिल-मे आठव. पारा पंचेचाळिसावर, बाबा कूस बदलू शकत नाहीत, कूलर बंद ठेवून चालत नाही. आपला कूलर १८० वॅटचा आहे, मागच्या पट्टीवर लिहिलंय. दहा तास चालला तर दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४. साठमध्ये ते मिळव, मीटर ११४ वर. तुझ्या वहिनीला वाटत होतं शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटला मोठा दर लागतो. तसं नाही, शंभरापर्यंत जुनाच दर, वरच्या चौदांना चढा. तरी बिल जवळजवळ दुपटीवर जातं, आणि नेमकं तेव्हाच हात रिकामा असतो. मेमध्ये आपल्याकडे काय असते? बी-बियाण्याची काळजी.

मोटरपंपाचं बिल २०२४ पासून सरकार भरतं, साडेसात एचपीपर्यंत. त्यामुळे निम्म्या गावाला वाटतं घरचंही माफ होणार आहे. ते वाट बघत बसले आहेत, मी नाही बसले.

जानेवारीत कापूस गेला. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता, आपल्या दारात आलेल्या व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून ७,२०० दिला. बाबांना सोडून खरेदी केंद्रावर गाडीच्या रांगेत कोण उभं राहणार होतं? त्या पैशातून उधारी फेडली, आणि उरल्यातले तीन हजार भरणा केंद्रावर जाऊन लाइटबिलात आगाऊ भरले. खिडकीतल्या पोरानं दोनदा विचारलं, "काकू, बिल तर चारशेचंच आहे ना?" म्हटलं, भर तू. आता बिल वजा येतं. दर महिन्याला त्यातून कापलं जाईल, मुदतीआधी भरल्याची सूट चुकणार नाही न् उशिराचा दंडही नाही. मे महिन्यात कूलरकडे बघून माझ्या पोटात गोळा येणार नाही.

आता तुला जे आवडणार नाही ते. हे तीन हजार मी ताईंना सांगितले. वहिनी म्हणाली, "काहून सांगता? मदत बंद करतील." रात्रभर तेच डोक्यात होतं. पावत्या दाखवायच्या कबूल केल्या होत्या. त्यात ही एक लपवली असती तर बाकीच्या दाखवताना माझाच हात कापला असता. ताईंनी पावती बघितली, जरा थांबल्या, रजिस्टरमध्ये लिहिलं. म्हणाल्या, मीटिंगमध्ये ठेवते. पुढं काय होईल ते मार्चमध्ये कळेल. एक मात्र मी स्पष्ट बोलले. पावत्या हव्या तेवढ्या घ्या, पण चेक हातात धरून फोटो नको. मागच्या वेळचा फोटो बघितलास का? मी त्यात रडवेली दिसते. मी रडत नव्हते, ऊन डोळ्यावर होतं.

तू तिकडून मोबाइलवर बिल भरून टाकतो म्हणतोस, तो तुझा चांगुलपणा. पण तुझी खोली, तुझी मेस, तुझ्या पगाराची तारीख मला माहीत आहे. भरायचंच असेल तर बिलावरचे बाराही आकडे मला फोनवर मोठ्यानं वाचून दाखव, मग भर. आणि सध्या भरूच नको, आगाऊ आहे.

होळीला येशील ना? येताना नागपुरातून कूलरच्या ताट्या घेऊन ये, वाळ्याच्या. इथं दुकानात मिळतात त्या लाकडाच्या किसाच्या, एका महिन्यात वास मारतात. माप घेऊन ठेवलंय: दोन बाजूंना सव्वादोन फूट बाय दोन, मागची थोडी लहान आहे, ती मी इथंच कापून बसवीन. आणि आबाजींच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स तुझ्याच पेटीत आहे, तीही आण.

बाबा विचारतात, काय लिहितेस एवढं. म्हटलं, ताट्यांचं माप.

तुझी,
आई